काळ्या पाण्यावरचा लग्नाचा वाढदिवस

लग्नाचा वाढदिवस घराबाहेर, दूर कुठेतरी जाऊन साजरा करण्याची पद्धत आता केवळ पुण्या-मुंबईची राहिलेली नाही. ती एटापल्लीपर्यंत येऊन पोहोचली आहे. तालुक्याच्या गावी नोकरी करणारे शिक्षक, वनखात्यातील कर्मचारी, बँकेतील अधिकारी, व्यापारी आणि सुरजागडच्या खाणीमुळे हाती पैसा खेळू लागलेली काही नवी कुटुंबे यांच्या बोलण्यात आज महाबळेश्वर किंवा पचमढीऐवजी अंदमान येते. मुले शिकायला नागपूरला गेली, घराचे कर्ज फिटत आले, आता पंचविसाव्या वाढदिवसाला दोघांनीच चार दिवस समुद्रावर काढावेत, अशी इच्छा त्यामागे असते. वाटही आता अवघड नाही. आलापल्ली, आष्टीमार्गे बल्लारशाह गाठायचे, तेथून रेल्वेने चेन्नई आणि चेन्नईहून सुमारे सव्वादोन तासांचा विमानप्रवास. ज्या बेटाचे नाव ऐकून आपल्या पणज्यांच्या पिढीच्या अंगावर काटा येत असे, ते आज असे हाकेच्या अंतरावर आले आहे.

या हौसेवर दोन बाजूंनी टीका होते. घरातली जुनी माणसे म्हणतात, वाढदिवस कसले साजरे करता, आमच्या वेळी लग्नाची तारीखसुद्धा कुणाच्या लक्षात नसे. दुसरी टीका अधिक टोचणारी आहे. ज्या तालुक्यातील गर्देवाड्यासारख्या गावात एस.टी.ची पहिली बस १ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी पोहोचली, त्याच तालुक्यातील माणसाने विमानाने बेटावर जाऊन नारळपाणी प्यावे का, असा तो प्रश्न आहे.

पहिल्या टीकेत फारसा अर्थ नाही. पतिपत्नींनी जोडीने प्रवासाला निघणे ही पाश्चात्त्यांची देणगी नव्हे. नवे जोडपे जेजुरीच्या पायऱ्या चढते, संसार आटोपत आला की काशी-रामेश्वर करते, आणि आपल्या या भागात तर महाशिवरात्रीला मार्कंड्याला आणि त्याखेरीज कालेश्वरला जोडीने जाण्याची रीत कितीतरी पिढ्यांची आहे. सप्तपदीतले सातवे पाऊल सख्याचे मानले जाते. ज्या घरात वर्षभर गॅस, फी, दवाखाना आणि सासुरवाडी यांखेरीज दुसरा विषय निघत नाही, त्या घरातल्या दोघांना हे सख्य आठवण्यासाठी चार दिवस मिळाले, तर त्यात वावगे काय? दुसरी टीका मात्र अशी झटकून टाकता येणार नाही. तिचे उत्तर प्रवास रद्द करण्यात नाही. ते प्रवास कोणत्या नजरेने केला जातो, यात शोधले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

जाहिरातीतले बेट आणि खरे बेट

पर्यटन कंपन्यांची पत्रके एकदा नीट पाहावीत. पांढरी वाळू, निळे पाणी, एक झुकलेला माड, हातात हात घातलेले जोडपे आणि बाकी कोणीही नाही. ते बेट जणू त्या दोघांसाठीच काल समुद्रातून वर आले! या चित्रातला खोटेपणा रंगात नाही. पाणी खरोखरच तितके निळे आहे. खोटेपणा आहे तो त्या रिकामेपणात. अंदमान रिकामे कधीच नव्हते. तेथे हजारो वर्षांपासून माणसे राहत आहेत आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत तेथे इतक्या संसारांची मोडतोड आणि जुळणी झाली आहे, की लग्नाचा वाढदिवस साजरा करायला जाणाऱ्या जोडप्याने तेवढे तरी जाणून घ्यायला हवे. आपण रिकाम्या वाळूवर उतरत नाही. कुणाच्या तरी उंबरठ्यावर पाय ठेवतो आहोत, ही जाणीव असली की पर्यटकाचा पाहुणा होतो. पाहुण्याला मान मिळतो, तसे काही नियमही पाळावे लागतात.

आणि ही जाणीव एटापल्लीकराला इतरांपेक्षा आधी व्हायला हवी, कारण त्या बेटाशी त्याचे नाते जुने आहे.

चांद्याच्या जंगलातून काळ्या पाण्याकडे

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा जिल्हा त्यांच्या अमलाखाली गेला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्यातच होता. तो वेगळा झाला १९८२ मध्ये. सत्तावन्नच्या समराची ठिणगी येथल्या जंगलात पडली ती १८५८ च्या मार्च महिन्यात. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि आर्पल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी गोंड आणि माडिया तरुणांची फौज उभी करून इंग्रजांना काही महिने जेरीस आणले. बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. त्या आवारातील पिंपळाखाली आजही दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात.

व्यंकटरावांचे काय झाले, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ते बस्तरच्या जंगलात निघून गेले. १८६० मध्ये तेथे पकडले जाऊन ते इंग्रजांच्या ताब्यात आले, त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि त्यांना जन्मठेपेच्या हद्दपारीची शिक्षा ठोठावण्यात आली. त्या काळी हद्दपारी या शब्दाचा जनमानसातला अर्थ एकच होता, काळे पाणी. दोनच वर्षांपूर्वी, १० मार्च १८५८ रोजी, डॉ. वॉकर नावाचा इंग्रज अधिकारी दोनशे बंदिवान घेऊन अंदमानात उतरला होता आणि सत्तावन्नच्या सैनिकांसाठी ती वसाहत सुरू झाली होती. म्हणजे आपल्या जंगलात ज्या महिन्यात उठाव पेटत होता, त्याच महिन्यात त्या बेटावर पहिली कुऱ्हाड चालत होती. साखळदंड घातलेल्या त्या माणसांनीच ते जंगल तोडले, रस्ते केले, साहेबांचे बंगले बांधले. आज ज्या रस्त्याने आपली भाड्याची मोटार धावते, त्या रस्त्याची सुरुवात ही अशी आहे.

अंदमानच्या प्रवासाला निघणाऱ्या आपल्या भागातील जोडप्याला बल्लारशाहला गाडी पकडावीच लागते. चंद्रपूर तेथून जवळच आहे. एक दिवस आधी निघून त्या पिंपळाला नमस्कार करून पुढे गेले, तर त्या प्रवासाचा अर्थच बदलून जाईल.

दोन भाऊ, दोन संसार

सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय अंदमानची सहल पुरी होत नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण केले. कोलू, हातापायांच्या बेड्या, फाशीघर, सायंकाळचा ध्वनिप्रकाशाचा खेळ हे सारे पाहून पर्यटक हळहळतो आणि बाहेर येऊन आइस्क्रीम खातो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण लग्नाच्या वाढदिवसाला तेथे गेलेल्या जोडप्याने आणखी एक गोष्ट आठवावी. या तुरुंगाने कैद्यांना जसे कोंडले, तसे शेकडो कोस दूर असलेल्या त्यांच्या संसारांनाही कोंडले.

गणेशपंत उर्फ बाबाराव सावरकर यांना १९०९ मध्ये जन्मठेप झाली. त्यांच्या पत्नी यशोदाबाई, म्हणजेच येसूवहिनी, मागे नाशिकला राहिल्या. त्या काळात त्यांनी स्त्रियांची आत्मनिष्ठ युवती संघ ही संघटना चालवली, जप्ती आणि बहिष्कार सोसले आणि पतीला एकदा भेटण्याची परवानगी मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज केले. अर्ज फेटाळले जात राहिले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भेटीची परवानगी आली ती त्यानंतर.

विनायकरावांचा विवाह १९०१ चा. १९०६ मध्ये ते विलायतेला गेले, १९१० मध्ये पकडले गेले, पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन ४ जुलै १९११ रोजी अंदमानात उतरले. त्यांच्या पत्नी यमुनाबाई, म्हणजे माई, धाकटे दीर डॉ. नारायणराव यांच्यासह त्यांना भेटायला अंदमानात पोहोचल्या त्या १९१९ मध्ये, आठ वर्षांनी. त्या भेटीत दोघा भावांची नजर येसूवहिनींना शोधत होती आणि त्या आता नाहीत हे त्यांना तेथे कळले. लग्नाला अठरा वर्षे झालेले एक जोडपे पहारेकऱ्यांच्या देखत काही वेळ समोरासमोर बसले, एवढाच त्यांच्या वाट्याला आलेला अंदमानचा प्रवास.

राजकारणातले मतभेद ज्याचे त्याने ठेवावेत. पण विवाह या संस्थेत किती बळ असते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने या दोन स्त्रियांकडे पाहावे. एकीला भेट मिळालीच नाही. दुसरीने आठ वर्षे वाट पाहून थोडा वेळ मिळवला. आपण चार दिवसांचे आरक्षण करून त्याच बंदरावर उतरतो, तेव्हा त्या दोघींच्या वाट पाहण्याला मनातल्या मनात नमस्कार करणे हे प्रत्येक मराठी जोडप्याचे कर्तव्य आहे.

बेटावर जुळलेल्या गाठी

याच तुरुंगासमोर, अरुंद खाडीपलीकडे रॉस बेट आहे. २०१८ पासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे आहे. इंग्रजांचे मुख्यालय तेथे होते. चर्च, नृत्यगृह, पावभट्टी, टेनिसचे मैदान अशी सारी सोय त्या चिमुकल्या बेटावर कैद्यांच्या श्रमातून उभी राहिली. एका काठावर साहेब आणि मड्डमा नाचत होत्या आणि दुसऱ्या काठावर माणसे घाण्याला जुंपली जात होती. आज त्या नृत्यगृहाच्या भिंती वडा-पिंपळांच्या मुळांनी आवळून टाकल्या आहेत. दुसऱ्याच्या भूमीला केवळ आपल्या मौजेचे ठिकाण समजणाऱ्यांचा उत्सव किती काळ टिकतो, याचा तो उघड्यावरचा धडा आहे.

टिकले ते दुसरेच संसार. ठरावीक वर्षे शिक्षा भोगून चांगली वर्तणूक दाखवणाऱ्या कैद्याला तुरुंगाबाहेर राहून पोट भरण्याची मुभा मिळत असे आणि शिक्षा होऊन आलेल्या स्त्रियांपैकी एखादीशी विवाह करण्याची परवानगीही. पंजाबचा पुरुष, बंगालची स्त्री. ना प्रांत एक, ना जात एक, ना भाषा एक. मायदेशी परतण्याची वाट बंद झालेल्या त्या माणसांनी एकमेकांचा हात धरला, हिंदुस्थानी ही घरची भाषा केली आणि मुले वाढवली. त्यांचे वंशज आज अंदमानात ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखले जातात. आपल्याकडे जातिभेद मोडण्याची भाषणे झाली. तेथे ते संसार करून मोडले गेले. पुढे १९१८ पासून जंगलतोडीसाठी छोटा नागपूरमधून उरांव, मुंडा, खडिया मजूर नेण्यात आले. त्यांच्या वस्त्यांना आजही तेथे रांचीवाल्यांच्या वस्त्या म्हणतात. हॉटेलात आपली खोली झाडणारी, नावेत आपल्याला हात देणारी माणसे अनेकदा याच घरांतली असतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत. त्यातून जे कळेल, ते कोणत्याही पत्रकात छापलेले नसते.

पाहिले जाण्याचे दुःख

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अंदमानच्या सहलीत बाराटांगची चुनखडीची गुहा दाखवतात. तेथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव वनातून जातो. जारवा १९९७-९८ पर्यंत बाहेरच्यांपासून फटकून राहत होते. ते रस्त्यावर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव वनातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहनांचे ताफे सुरूच राहिले. २०१२ च्या जानेवारीत एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. खाण्याच्या पदार्थांचे आमिष दाखवून जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचवले जात होते. त्याच वर्षी कायदा अधिक कडक झाला. बाराटांगला समुद्रमार्गे जाण्याचा पर्यायही पुढे उपलब्ध झाला. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या होती अवघी ३८०.

या आकड्यामागे आणखी एक आकडा आहे. इंग्रज आले तेव्हा ग्रेट अंदमानी जमातींची लोकसंख्या काही हजारांत होती. १९६१ च्या जनगणनेत ती १९ उरली. रोगांनी, दारूने आणि ‘सुधारणे’च्या नावाखाली केलेल्या ढवळाढवळीने हे घडले. त्या जमातींपैकी ‘बो’ भाषा बोलणारी अखेरची वृद्धा २०१० मध्ये वारली आणि ती भाषा संपली. तरीही बाहेरच्या माणसाची हौस संपत नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस उत्तर सेंटिनल बेटावर चोरून पाऊल ठेवल्याबद्दल एका अमेरिकन तरुणाला अटक झाली. किनाऱ्यावर तो शीतपेयाचा डबा आणि एक नारळ ठेवून आला होता. प्राण्याला खाऊ टाकावा, तसा.

एटापल्लीच्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटायला हवे. आपला माडियाबांधव केंद्र सरकारच्या ज्या विशेष असुरक्षित जमातींच्या यादीत आहे, त्याच यादीत जारवा आणि सेंटिनली आहेत. शहरातून आलेला पाहुणा भामरागडच्या वाटेवर गाडी थांबवून एखाद्या गोंदलेल्या आजीचे छायाचित्र तिला न विचारता काढतो. गोटुलविषयी डोळे मिचकावून प्रश्न विचारतो. बाजारातल्या माडिया स्त्रीच्या गळ्यातल्या माळांना हात लावून किंमत विचारतो. तेव्हा आपल्याला चीड येते. गोटुल ही गावाची सभा, पाहुण्यांचा निवारा आणि तरुणांची शाळा आहे, हे आपण त्याला समजावून सांगतो. मग तोच एटापल्लीकर बाराटांगच्या रस्त्यावर मोटारीच्या काचेला नाक लावून जारवा कधी दिसेल म्हणून वाट पाहू लागला, तर त्याच्यात आणि त्या शहरी पाहुण्यात फरक तो काय राहिला?

वनवासी म्हणजे आपले बंधू, हे वाक्य आपण सभांतून वर्षानुवर्षे उच्चारतो. बंधू म्हणायचे आणि त्याला पाहण्यासाठी तिकीट काढायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. काही भावांच्या घरी जायचे असते. काही भावांनी दार लावून घेतले असेल, तर त्या दाराबाहेरूनच परत फिरायचे असते. जारवांच्या वनात न शिरणे हीच त्यांची सेवा आहे. बाराटांग पाहायचेच असेल तर समुद्रमार्गाची चौकशी करावी. सोय नसेल तर ती गुहा पाहिल्यावाचून परतावे. चुनखडीच्या गुहा पाहिल्या नाहीत म्हणून कोणाच्या संसारात उणे पडत नाही.

ओझे नव्हे, शिदोरी

येथे कोणी म्हणेल, माणूस चार दिवस मन हलके करायला जातो. त्याच्या डोक्यावर इतिहासाचे हे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. समुद्रात डुंबताना कोलूच आठवावा, असे कोणीही म्हणत नाही. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहावा, जवळच्या माणसाचा हात हाती घ्यावा, पोटभर हसावे. तो किनारा ज्या बेटावर आहे, त्याचे आजचे नाव स्वराज द्वीप आहे आणि शेजारच्या बेटाचे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ च्या सप्टेंबरपासून श्रीविजयपुरम झाले. नावे बदलली, हे चांगले झाले. पण नाव बदलणे हे सरकारचे काम होते, नजर बदलणे हे प्रवाशाचे काम आहे. ते कोणत्याही अधिसूचनेने होत नाही.

शिवाय ज्या जोडप्याने पंचवीस वर्षे संसार केला, त्याला गंभीर गोष्टींचे भय कसले? त्याने आजारपणे पाहिली, बदल्या सोसल्या, नक्षलवादाच्या काळात रात्री-अपरात्री घरी न पोहोचलेल्या माणसाची वाट पाहत दिवा जळता ठेवला. अशा दोघांना येसूवहिनींची गोष्ट ओझे वाटणार नाही. ती त्यांना आपलीच वाटेल.

आता पुन्हा त्या दुसऱ्या टीकेकडे येऊ. गर्देवाड्याला पहिली बस येते त्या काळात एटापल्लीचा माणूस विमानात बसतो, ही विषमता खरी आहे. मे महिन्यात पहाटे जोडीने तेंदूपाने तोडायला निघणारे माडिया पतिपत्नी आणि त्याच महिन्यात सुट्टीवर निघणारे नोकरदार पतिपत्नी एकाच तालुक्यात राहतात. सहल रद्द केल्याने ही दरी बुजणार नाही. बेटावर जाऊन ज्याला दुसऱ्याच्या घराचा उंबरठा ओळखता आला, तो परत आल्यावर आपल्या शेजारच्या पाड्याचाही उंबरठा ओळखेल, एवढी अपेक्षा मात्र ठेवता येते. त्या पाड्यावरची मुले शाळेत का टिकत नाहीत, बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत कसे आणतात, खाणीच्या धुळीने कोणाचे शेत खराब होते, हे प्रश्न त्याला मग परके वाटणार नाहीत.

म्हणून अंदमानला जरूर जावे. निघण्यापूर्वी घरातल्या मुलांना व्यंकटरावांचे नाव सांगावे. सेल्युलर जेलला घाईचा अर्धा तास न देता एक सकाळ द्यावी. वाळूतले प्रवाळ आणि शंख खिशात घालून आणू नयेत. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि ते समुद्राचे धन आहे. नावाड्याला त्याचे गाव विचारावे, जारवांना त्यांच्या वनात सुखाने राहू द्यावे. परत आल्यावर शेजारीपाजारी छायाचित्रे दाखवायला बसाल, तेव्हा येसूवहिनी आणि माई यांची हकीकतही सांगावी. एटापल्लीतल्या पुढच्या जोडप्याला अंदमानला जाताना मग केवळ हॉटेलाचा पत्ता विचारून भागणार नाही.